सायकल दिसते तोवरच मोजून घ्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २२, कारचं लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं, घरचा दहा चाकी डंपर, क्रशरवरून खडी वाहायची. वडिलांच्या जोडीला आता तुम्हाला गाडीवर बसायचंय. ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणतात, आठ-दहा दिवसांत हात बसेल. पण कोल्हापूरच्या फुलेवाडी-बालिंगा रस्त्याला सकाळी शाळेची पोरं आणि कामाला निघालेली माणसं सायकलवर असतात. त्यांच्या शेजारून एवढी गाडी न्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो. तर हे नेमकं कुठे शिकवतात, आणि लायसन्सच्या टेस्टमध्ये ते बघतात का?

मी १४ वर्षं ट्रक चालवला आणि गेली १७ वर्षं हेवीचे ड्रायव्हर तयार करतोय. शिकायला येणाऱ्या पोरांना गिअरची भीती असते, घाटाची असते, रिव्हर्सची तर सगळ्यांनाच असते. सायकलवाल्याची भीती घेऊन आलेला मुलगा क्वचित भेटतो. ती भीती घालवू नका. तिला फक्त काम लावून द्यायचं आहे, ते कसं ते सांगतो.

आधी लायसन्सचं उरकून घेऊ, कारण ते सरळ आहे. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. तुमचं दोन्ही बसतं. नोंदणीकृत डॉक्टरकडून फॉर्म १-अ भरून घ्यायचा, लर्निंग काढायचं, शिकून झाल्यावर स्कूलकडून फॉर्म ५ चा दाखला घ्यायचा आणि लर्निंगला ३० दिवस झाल्यावर टेस्ट द्यायची. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं, पुढे नूतनीकरण. कुणीतरी तुम्हाला सांगेल की सुप्रीम कोर्टानं कारच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला परवानगी दिलीय. नोव्हेंबर २०२४ चा तो निकाल आहे खरा, पण तो ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतच्या गाड्यांसाठी. तुमचा डंपर भरल्यावर त्याच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे हेवीचं लायसन्स हातात येईपर्यंत रस्त्यावर एकट्यानं गाडी काढायची नाही, अगदी क्रशरपासून घरापर्यंतसुद्धा नाही. लर्निंगवर शेजारी लायसन्सवाला शिकवणारा हवाच.

आठ-दहा दिवसांचं म्हणाल तर नियमच तसं म्हणत नाही. ट्रान्सपोर्ट वाहनाच्या शिक्षणाला साध्या स्कूलमध्येही ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर १५ तास धरलेले आहेत. २०२१ पासून सरकारमान्य मोठ्या प्रशिक्षण केंद्रांची सोय झाली, तिथे हेवीचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. तुम्ही कुठेही जा, एक वही करा. रोज किती वेळ स्टेअरिंग तुमच्या हातात होतं ते मिनिटांत लिहा. मागे बसून दुसऱ्याचं बघितलं तो वेळ त्यात धरू नका. महिन्याच्या शेवटी बेरीज बघितली की तुम्हालाच कळेल काय शिकलात.

आता टेस्टमध्ये सायकलवाल्याचं बघतात का, तर तिथे तुम्हाला गाडी सुरळीत चालवता, वळवता, मागे घेता येते का हे बघतात. मैदानात किंवा ट्रॅकवर दुधाचे कॅन लावलेली सायकल तुमच्या डाव्या अंगाला कुणी आणून उभी करत नाही. म्हणून हा भाग टेस्टसाठी शिकायचाच नाही, तो वेगळा शिकायचा.

मूळ अडचण अशी आहे. सायकल लांब असते तेव्हा मोठ्या गाडीतून ती छान दिसते, आपण उंच बसलेलो असतो म्हणून कारपेक्षाही छान दिसते. आणि ती जवळ आली, धोका सुरू झाला, की दिसेनाशी होते. डाव्या दाराच्या खाली, बंपरच्या पुढे, हौद्याच्या कडेला. अपघातानंतर ड्रायव्हर म्हणतो, ‘साहेब, दिसलाच नाही हो.’ बऱ्याचदा तो खरं बोलत असतो. पण तो सायकलवाला ५० मीटरवर असताना त्याला दिसला होता, हेही तितकंच खरं असतं. दिसला, आणि मनातून निसटला.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी गाडी चालू करत नाही. मैदानात उभी करतो, पोराला सीटवर बसवतो, आरसे त्याच्या उंचीला लावून देतो. दुसरा एकजण सायकल घेऊन गाडीभोवती हळूहळू फिरतो. सीटवरचा ओरडतो, ‘गेली!’ तिथे जमिनीवर फक्कीनं खूण करायची. पुन्हा दिसली की दुसरी खूण. अर्ध्या तासात गाडीभोवती फक्कीचा एक नकाशा तयार होतो. मग त्याला खाली उतरवून तो नकाशा दाखवतो. डाव्या अंगाची पांढरी जागा बघून पोरं गप्प होतात, कारण तिथे एक नाही, चार-पाच सायकली मावतात. प्रत्येक गाडीचा नकाशा वेगळा. डंपरचा वेगळा, लांब बॉडीच्या ट्रकचा वेगळा, बसचा वेगळा. तुमच्या वडिलांच्या गाडीचा तुम्ही स्वतः काढा. फक्की नसली तर खडूचा तुकडा किंवा विटेचा भुगा चालतो. एक रविवार पुरतो.

आरशांबद्दल एवढंच, की बाहेरचा फुगीर आरसा जास्त जागा दाखवतो पण वस्तू लहान आणि लांब दाखवतो. त्यात सायकल ‘लांब आहे’ असं वाटलं तर ती तुमच्या अंदाजापेक्षा जवळ आहे. आणि खडीच्या धंद्यात प्रत्येक खेपेला आरशावर धुरळा बसतो, तेव्हा ओलं फडकं केबिनमध्ये कायम ठेवा.

दुसरा धडा डाव्या वळणाचा, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आत कापतात. हिशोब करून बघा. पुढच्या-मागच्या चाकांत साडेचार मीटर अंतर आहे आणि पुढचं डावं चाक १० मीटर त्रिज्येनं वळलं, तर मागचं डावं चाक त्याच्यापेक्षा एक मीटरहून थोडं जास्त आत येतं. लांब बॉडीची गाडी असली आणि ते अंतर सहा मीटर असलं, तर दोन मीटर आत. सायकलचं हँडल असतं दोन फुटांचं. म्हणजे केबिन ज्याला सोडून पुढे गेली, त्या माणसावर मागचं चाक येऊ शकतं. त्याला वाटतं गाडी गेली, आपण सुटलो.

हे सांगून पटत नाही. म्हणून भंगारातून घेतलेली एक सायकल वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर उभी करतो आणि पोराला सांगतो, आता वळ. पुढचं चाक ऐटीत सायकल सोडून जातं. मग मागून तो आवाज येतो. काही वर्षांपूर्वी इचलकरंजीकडचा एक मुलगा होता, हाताला फार चांगला, आधी ट्रॅक्टर चालवायचा. आवाज झाल्यावर तो उतरला, वाकडी झालेली ती सायकल उचलून बाजूला ठेवली आणि बराच वेळ तिच्याजवळ उभा राहिला. त्याचा धाकटा भाऊ सायकलवरून शाळेला जायचा. त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही, तेवढं पुरे होतं.

मी हे असं का शिकवतो तेही सांगतो. ट्रकवर असताना, लायसन्स काढून तीन वर्षं झाली होती, शहरातल्या एका चौकात सिग्नलला थांबलो होतो. मागून एक दूधवाले काका सायकलवरून येताना मी आरशात बघितले होते, दोन्ही बाजूंना कॅन लावलेले. सिग्नल पडला. क्लीनर उजवीकडच्या कुणाशी तरी बोलत होता, मी बोलता बोलता डावीकडे वळवलं. ते काका आणि मी, दोघं एकाच वेळी त्या चिंचोळ्या जागेत होतो. त्यांनी सायकल सोडून उडी टाकली म्हणून वाचले. कॅन चेपले, दूध सगळं रस्त्यावर. खरचटलेल्या हातांनी ते माणूस मला म्हणाले, ‘बाळा, मी दिसलो न्हाई व्हय?’ दिसले होते. हेच तर मला त्यांना सांगता येईना. दुधाचे पैसे दिले, सायकल नीट करून दिली. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी गेली किती वर्षं शिकवण्यातूनच देतोय.

तेव्हापासूनचा माझा नियम: सायकल दिसली की ती मोजायची, आणि पुन्हा दिसेपर्यंत ती डाव्या अंगालाच आहे असं धरायचं. आरशात दिसत नाही याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नाही. सिग्नलला थांबलात, मागे दोन सायकली होत्या, आता एकच पुढे दिसतेय? मग दुसरी कुठंय ते कळल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. मागचे हॉर्न मारतील, मारू देत. वळण अगदी सावकाश घ्या, माणूस चालतो त्या वेगानं. इंडिकेटर थांबण्याआधीच द्या, म्हणजे मागून येणारा त्या जागेत शिरायच्या आधी विचार करेल.

हे अंगवळणी पडावं म्हणून पोरांना बोलत गाडी चालवायला लावतो. मी शेजारी बसतो आणि तो मोठ्यानं सांगत जातो: ‘पुढं डावीकडं एक सायकल, पाठीला दप्तर, म्हणजे शाळेचं पोरगं. तिच्या पुढं खड्डा हाय, ती बाहेर येणार. मी मागं राहतो.’ पहिले दोन दिवस लाजतात, मग सवय होते. बोलणं थांबलं की मला कळतं की बघणंही थांबलंय. एकटे असताना मनातल्या मनात बोला, पण बोला.

ओव्हरटेकचं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे एकच आकडा देऊन मोकळा होत नाही. मी कमीत कमी दीड मीटर शिकवतो, गाडी भरलेली किंवा वेगात असली तर दोन. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर सांगितलंय, जर्मनीत गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर. पण बालिंग्याच्या रस्त्यावर समोरून एसटी येत असताना दीड मीटर कुठून आणणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तिथे उत्तर एकच, मागे राहायचं. याचाही हिशोब सांगतो. सायकल ताशी १२ किलोमीटरनं चाललीय आणि तुम्ही ४० नं जाणार होतात. रिकामी जागा मिळेपर्यंत २०० मीटर तिच्यामागे गेलात तर साधारण ४२ सेकंद जास्त लागतात. दिवसाच्या पाच-सहा खेपांत असं दहा वेळा झालं तर सात मिनिटं. वडील खेपेवर हिशोब करत असतील तर त्यांनाही हे सात मिनिटांचं गणित दाखवा. हप्ता कितीही मोठा असला तरी सात मिनिटांत तो अडत नाही.

सायकलवाल्याच्या बाजूनंही रस्ता बघायला शिका. आपण केबिनमधून म्हणतो, ‘साइडपट्टीवर उतरायला काय होतं याला?’ डांबराच्या कडेला साइडपट्टी चार-सहा बोटं खाली असते. पावसाळ्यात तिथे चिखल, एरवी खडी, आणि ती खडी आपल्याच डंपरमधून सांडलेली. सायकलचं चाक त्या कडेवरून घसरलं तर माणूस पडतो तो रस्त्याच्या बाजूला, म्हणजे तुमच्या चाकाकडे. तो डांबर सोडत नाही ते आडमुठेपणानं नव्हे. पावसात त्याच्या डोक्यावर रेनकोटची टोपी असते, मागचं ऐकू येत नाही, मान वळवता येत नाही. पाण्यानं भरलेला खड्डा त्याला अंदाजानं चुकवावा लागतो आणि तो ऐनवेळी दोन फूट आत येतो. भरलेला डंपर शेजारून जोरात गेला की आधी वारा ढकलतो, मग ओढतो. हाफ पायडल मारणाऱ्या पोराला तेवढा झोत पुरतो.

आणि हॉर्न. अगदी पाठीशी जाऊन एअर हॉर्न वाजवणं ही आपल्याकडची सगळ्यात वाईट खोड. दचकलेला माणूस हँडल सरळ धरत नाही. वाजवायचा असेल तर लांबून, साधा, एकदा. तो मागे बघेपर्यंत किंवा स्थिर होईपर्यंत थांबा.

तुम्ही लायसन्स काढाल तोवर ऊसाचा हंगाम सुरू होईल, तेव्हा हेही लक्षात घ्या. दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, कित्येकांना मागे लाइट नाही, टेप लावून गाणी मोठ्यानं चाललेली. सायकलवाला त्या ट्रॉलीला चुकवायला उजवीकडे येतो, आणि त्याच वेळी तुम्ही ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला निघालेले असता. तुम्हाला ट्रॉलीच्या पलीकडचं काही दिसत नसतं. अंधार पडल्यावर ट्रॅक्टरला ओव्हरटेक करण्याआधी हे धरूनच चाला की त्याच्या पुढे एक बिनलाइटची सायकल आहे. निम्म्या वेळा खरंच असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावला कारखान्यांची शिफ्ट सुटतानाही हीच काळजी, तिथे सायकली एकेक येत नाहीत, घोळक्यानं येतात आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते.

क्लीनरचं बोलायचं राहिलं. पूर्वी डाव्या बाजूचे डोळे म्हणजे क्लीनर. दारातून डोकं काढून बघायचा, पत्र्यावर थाप मारायचा, ‘थांबा वस्ताद, सायकल हाय.’ आता खर्च वाचवायला बरेच मालक क्लीनर ठेवत नाहीत आणि ड्रायव्हर एकटा दहा चाकं ओढतो. तुमची घरची गाडी आहे, ठेवणं शक्य असेल तर पहिली सहा महिने तरी कुणीतरी डावीकडे बसलेलं असू द्या. पण त्याला मोबाइल बाजूला ठेवायला सांगा आणि नुसतं ‘जाऊ दे, जाऊ दे’ म्हणायला नव्हे तर मोजायला शिकवा. कॅमेरा बसवता आला तर बसवा, डावीकडचा आणि मागचा. त्यावर विसंबून मान वळवणं मात्र सोडू नका, चिखल उडाला की कॅमेराही आंधळा होतो.

लंडनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात आणि तिथेही डाव्या वळणावरच सायकलवाले मालगाड्यांखाली सापडायचे. त्यांनी १२ टनांवरच्या गाड्यांना केबिनच्या काचेतून थेट किती दिसतं यावर तारे द्यायला सुरुवात केली. २०२१ पासून परवान्याशिवाय अशी गाडी शहरात चालत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांखालच्या गाडीला वाढीव सुरक्षा उपकरणं बसवावी लागतात. ब्रिटनमध्ये व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांत ३५ तास पुन्हा शिकावं लागतं, आणि त्यातल्या काही वर्गांत ड्रायव्हरलाच सायकलवर बसवून रस्त्यावर नेतात. मला त्यातलं हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याला पैसा लागत नाही. मीही तेच करतो. गाडी बंद असताना पोराला सायकलवर बसवून हौद्याला खेटून उभं करतो आणि मग दुसऱ्याला इंजिन चालू करायला सांगतो. चाक खांद्याच्या जवळ आणि तो थरथराट, एवढ्यात त्याला जे कळतं ते मला तासभर बोलून सांगता येत नाही.

कायद्याचं दोन ओळीत. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत पादचारी, सायकलवाले, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी चालकानं घ्यायची असं लिहिलंय. निष्काळजीपणानं जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि काही झालंच तर पळायचं नाही. गाडी थांबवा, १०८ ला फोन करा, माणसाला दवाखान्यात पोहोचवायला मदत करा, पोलिसांना कळवा. जमावाच्या भीतीनं जीवाला धोका असेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, पण फोन आधी करा.

स्कूल निवडताना फीच्या आधी तीन गोष्टी विचारा: शिकवायची गाडी खरी हेवी आहे की छोटा टेम्पो, चालू रस्त्यावर किती दिवस नेणार, आणि डावं वळण मैदानात काही ठेवून घ्यायला लावता का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा नुसता बघत राहिला तर दुसरीकडे चौकशी करा. फॉर्म १-अ साठी जाल तेव्हा डॉक्टरांना बाजूची नजरही तपासायला सांगा, समोरचं वाचता येणं एवढ्यावर समाधान मानू नका.

आणि लर्निंगचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. घरातली नाहीतर शेजाऱ्याची सायकल घ्या आणि सकाळी दहाच्या सुमाराला, शाळा-कामाच्या गर्दीत, फुलेवाडीपासून बालिंग्याच्या पुलापर्यंत जाऊन या. वाटेत तुमच्या शेजारून किती डंपर गेले, कुणी किती अंतर सोडलं, कुठे तुमचा हात थरथरला, ते घरी आल्यावर त्याच वहीत पहिल्या पानावर लिहा. जमलं तर वडिलांनाही बरोबर न्या.